देवीखालचे ठोकळे

खंडेनवमीच्या सकाळी, भोसरीच्या अलीकडे नाशिक रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजात, एक तीनचाकी फटफटी टेकूवरून घसरली आणि नाथा मिस्त्रींचा हात गेला. टेकू विटांचा होता. विटा मी लावल्या होत्या.

हे तीन वाक्यांचं लिखाण करायला मला पन्नास वर्षं लागली. या अंकाच्या संपादकांनी ‘जुन्या गॅरेजमधल्या आठवणी लिहा’ असं पत्र पाठवलं, तेव्हा मी आधी पंधरा पानं लिहिली. त्यांत गिऱ्हाइकांचे किस्से होते, डिस्पोजलच्या गाड्या होत्या, नाथाभाऊंची बोलणी होती. खंडेनवमी नव्हती. ती पानं मी फाडली. त्यातलं जे खरोखर उपयोगाचं होतं, तेवढंच इथे पुन्हा लिहितो आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीला पहिला मोठा कारखाना उभा राहत होता. चाकण म्हणजे तेव्हा कांद्या-बटाट्याचा बाजार, एवढंच. लढाई संपल्यावर लष्कराच्या मोटारसायकली लिलावात निघाल्या होत्या. लोक त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. पुण्यातले लोहार त्यांचं मागचं चाक काढून तिथे आडवा आस घालीत, आसाला दोन चाकं आणि वर लाकडी हौदा. पुढून मोटारसायकल, मागून गाडा. आवाज असा की मोशीला सुरू झाली की आम्हाला इकडे कळे. दूध, भाजी, सिमेंट, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्या हौद्यातून जाई.

साध्या मोटारसायकलचं ऑइल बदलणं सोपं असतं. गाडी स्टँडवर घ्यायची, इंजिनाखालच्या चेंबरचा नट काढायचा, खाली घमेलं धरायचं. तीनचाकीला हे जमत नाही. ती कलत नाही. हौद्याच्या वजनाने बूड टेकून बसलेली असते. शिवाय चिखल उडू नये म्हणून लोहारांनी खाली पत्रा ठोकलेला. नटापर्यंत हात पोचतो, पानाही पोचतो, पण पाना फिरवायला जागा नसते. ऑइल बदलायला अर्धा तास लागे, त्यातली वीस मिनिटं नुसती जागा करण्यात जात.

मोठ्या गॅरेजात माणूस उभा राहील एवढा खड्डा असतो. आमच्याकडे हातभर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. नाथाभाऊंनी दोन पहारी बोथट केल्या आणि मग पाषाणाशी तडजोड केली. माणूस पाठीवर निजेल एवढा लांब आणि त्याची छाती जमिनीच्या खाली जाईल एवढा खोल चर त्यांनी खोदला. उरलेली जागा वरून करायची. गाडी चरावर आणायची, मागे एक धोंडा ठेवून त्यावरून लांब वासा आसाखाली घालायचा, वाशाच्या शेंड्याला दुसरा धोंडा बांधायचा. मागचा भाग उचलला की आसाखाली दोन्ही बाजूंना ठोकळे सरकवायचे आणि वासा काढून घ्यायचा. अर्धी जागा जमिनीने दिली, अर्धी आम्ही केली, असं नाथाभाऊ म्हणत.

सांगवीचा एक दूधवाला होता, बाळोबा. तो चर बघून म्हणाला होता, “नाथा, सवताची सोय करून ठिवली का काय?”

“माझी न्हाई, तुजी. फकस्त दोन वीत लांब करायला लागंल.”

हा बाळोबा मोठा संशयी. नवं ऑइल ओतण्याआधी तो ते दोन बोटांत चोळून बघे, वास घेई आणि म्हणे, “पाणी हाय यात.” नाथाभाऊंनी एकदा हात जोडले. म्हणाले, “राव, रोज सकाळी जे करतो, तेच मानसाला समदीकडं दिसतं.” त्यानंतर बाळोबा महिनाभर फिरकला नाही. मग आला, तो निघालेलं जळकं ऑइल मागायला. ते आम्ही कुणालाही देत असू. बैलगाडीच्या आसाला, मोटेच्या चाकाला, दाराच्या बिजागरीला ते चाले.

नाथाभाऊ माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे. लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपमध्ये हरकाम्या म्हणून लागले आणि बघून बघून मिस्त्री झाले. अक्षरओळख नव्हती. मी मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत मास्तर होण्यासाठी अर्ज केलेला आणि उत्तर न आलेला. नोकरी मिळाली नाही, पण ‘मास्तर’ हे नाव मिळालं. गॅरेजात माझं काम मुख्यतः वाचायचं. लिलावातल्या गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, तेलाने पानं चिकटलेलं. ते मी नाथाभाऊंना मराठीत सांगत असे आणि सांगितलेलं एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवत असे. गाडी उचलण्याच्या प्रकरणात एक सूचना ठळक छापली होती. ती मी वहीत अशी लिहिली: ‘उचललेली गाडी विटांवर टेकू नये.’ आणि मला ओळी सजवण्याची हौस असल्यामुळे पुढे पदरचं वाक्य जोडलं: ‘वीट सांगून फुटत नाही.’

ते ऐकल्यावर नाथाभाऊ दुसऱ्याच दिवशी ओढ्याकाठची वठलेली बाभूळ बघून आले. तिच्या बुंध्याचे दोन ठोकळे त्यांनी काढले, महिनाभर सावलीत वाळवले, कडा तासल्या. तोवर आम्ही विटा आणि दगडच वापरत होतो. म्हणजे ते ठोकळे माझ्या वाचनातून निर्माण झाले होते. मला त्याचा अभिमान होता. तो इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा उपयोग होणार नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आदल्या संध्याकाळी पाने, पकडी, हातोडे रॉकेलमध्ये धुऊन पुसून ठेवायचे. सकाळी ते मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. मांडलेलं हत्यार मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. नाथाभाऊंची बायको हौसावहिनी ही पूजा मांडत. घर गॅरेजच्या मागेच होतं. त्या वर्षी त्यांनी ते दोन ठोकळे शेजारी शेजारी ठेवले, त्यांवर खण अंथरला आणि त्यावर देवीची तसबीर ठेवली. पुढे समई. दोन्ही बाजूंना पाने उतरत्या मापाने.

मी म्हणालो, “वहिनी, बाभळीच्या लाकडाला हळदकुंकू?”

“मग? रोज ह्यांच्या छातीवरचा भार कोन घेतं, तुमचं पुस्तक? दसऱ्याला सवताच्या पुस्तकाला पानं वाहता, ती बरी चालत्यात वो भावजी.”

नाथाभाऊ हसले. मीही हसलो. माझा देवावर विश्वास नव्हता, आजही नाही, पण वहिनींशी वाद घालण्याइतका तो अविश्वास पक्का नव्हता. नैवेद्य करायला घरात जाताना त्या मला म्हणाल्या, “दिव्याकडं ध्यान ठिवा हं. इझू देऊ नका. तुमच्या भरवशावर सोडून चालले.”

त्यानंतर घटकाभराने मारुतराव आले. चाकणच्या पलीकडे त्यांचा झेंडूचा मळा होता. हौदा शिगोशीग भरलेला, वर ओलं फडकं. वाटेत ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली होती, ढकलून बाहेर काढून कशीबशी इथवर आणली होती. नाथाभाऊंनी ऑइलमध्ये काडी बुडवून बघितली. ऑइल ताकासारखं पांढरं झालं होतं.

“पानी गेलंय आत. अशी चालवली तर पुन्याच्या आत इंजान धरंल, जाम हुईल.”

“मग बदला की, मिस्त्री.”

“आज खंडेनवमी हाय, मारुतराव. हत्यार पुजलंय.”

“मला ठावं न्हाई व्हय?” मारुतरावांचा आवाज चढला. “आन् माज्या गाडीत काय हाय? उद्या दसरा. परवा ही फुलं बैल तरी खाईल का? वर्साची एकच तोड हाय ही. आज दुपारपतुर मंडईत गेली तर गेली.”

नाथाभाऊंनी ओलं फडकं उचलून हौद्यात बघितलं. मग म्हणाले, “फुलं तिचीच हायत. ती समजून घेईल.” ते आत गेले, तसबिरीपुढे कपाळ टेकलं आणि मांडणीतून चेंबरच्या नटाचा एक पाना उचलला. बाहेर येऊन मला म्हणाले, “मास्तर, मी पत्रा ढिला करतो. तुमी वहिनीला हाक मारा, तसबीर उचलाय सांगा आन् ठोकळं लावून घ्या.”

मी आत गेलो. समई शांत जळत होती. खणावर अक्षता होत्या. घराच्या दिशेने पुरणाचा वास येत होता. वहिनींना हाक मारायची, त्या येणार, मघाच्या माझ्या बोलण्यावर काहीतरी बोलणार, मांडलेलं मोडावं लागणार, आणि मोडायला सांगणारा मी. मला एवढंच नको होतं. श्रद्धा नव्हती, भीतीही नव्हती. संकोच होता. दाराशी, घराला जोडून बांधायच्या खोलीसाठी आणलेल्या विटांची रास होती. त्यातल्या वरच्या सहा विटा मी उचलल्या. कमी भाजलेल्या, पिवळट. तेही मला दिसलं होतं.

गाडी चरावर आली. मारुतराव पुढे हँडल आणि ब्रेक धरून बसले. मी वासा घातला, शेंड्याला धोंडा बांधला, आसाखाली दोन्हीकडे तीन-तीन विटा रचल्या आणि वासा काढला. नाथाभाऊ पुढच्या बाजूने डोक्यावर पोतं घेऊन चरात सरकले. तिथून त्यांना वर इंजिन दिसे. आस मागे, हौद्याच्या फळीआड. म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

“मास्तर, ठोकळं बसलं का नीट?”

मी म्हणालो, “हो.”

नट जाम होता. त्यांनी पान्याला हिसका दिला. एक, दोन. तिसऱ्या हिसक्याला डावीकडून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी बसली. चरामुळे छाती वाचली. उजवा हात पाना धरून चराच्या काठावर होता, तो पत्र्याखाली गेला.

मारुतराव रस्त्यावर धावले, वाहन थांबवायला. मी पुन्हा वासा घातला, गाडी उचलली, पण खाली लावायला काही नव्हतं. तेव्हा मी आत गेलो आणि तसबीर उचलून जमिनीवर ठेवली. खण ओढला. समई कलंडली. दोन ठोकळे घेऊन बाहेर आलो आणि आसाखाली सरकवले. मघाशी ज्यासाठी मला वहिनींना हाक मारवत नव्हती, त्याला चार श्वासही लागले नाहीत. नाथाभाऊंना बाहेर ओढल्यावर विटांचा चुरा मी पायाने चरात लोटला. वाट मोकळी करायला लोटला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

लष्कराचा एक ट्रक थांबला. त्यातून नाथाभाऊंना पुण्याला इस्पितळात नेलं. मारुतराव बरोबर गेले. मी ट्रकमध्ये चढत होतो तेव्हा हौसावहिनी धावत आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग आत बघितलं. देवी जमिनीवर, समई विझलेली. मग गाडीखाली बघितलं. तिथे ठोकळे होते.

“तिच्या बुडाखालचं काढलं?” त्या म्हणाल्या. “तिच्या बुडाखालचं काढलं व्हय वो?”

नाथाभाऊ शुद्धीवर होते. म्हणाले, “मीच सांगितलं. त्यांला बोलू नगो.”

हात कोपराखाली कापावा लागला.

गावाने निवाडा त्याच आठवड्यात दिला. पुजलेली बैठक काढली, देवी कोपली. इस्पितळात भेटायला येणारा प्रत्येक जण हेच हळू आवाजात बोलून जाई. मी खाटेपाशी बसलेला असे. पहिल्या दिवशी सांगणं शक्य होतं. दुसऱ्या दिवशी, काल का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. असा एकेक दिवस वाढत गेला. हौसावहिनींनी त्या दसऱ्याला पायातल्या वहाणा काढल्या आणि देवीपुढे ठेवल्या. धनी जगला तर पुन्हा घालणार नाही, असं बोलल्या. धनी जगला.

गॅरेज मी वर्षभर ओढलं, मग बंद केलं. मला पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम मिळालं. पुढे नाथाभाऊंनाही तिथे गेटवर लावून घेतलं. लोक म्हणत, मास्तरांनी भावासारखं केलं. रोज संध्याकाळी मी त्यांना डाव्या हाताने अक्षरं गिरवायला शिकवू लागलो. त्याचंही लोकांना कौतुक होतं. चाळिशीतला माणूस, जीभ दातांत धरून ‘ग’ काढायचा. दोन वर्षांत ते वर्तमानपत्र वाचू लागले. पोरांनाही दटावू लागले की वाचा, नाहीतर मास्तरांकडं घालीन.

एका रविवारी ते माझ्या घरी बसले होते. मी चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तर त्यांच्या मांडीवर ती दोनशे पानी वही होती. फळीवरून त्यांनीच काढली होती. एके काळी माझ्याकडून नुसतं ऐकलेलं स्वतः वाचताना त्यांना मौज वाटत होती. बोट ठेवून, मोठ्याने, एकेक शब्द.

“उ-च-ललेली गाडी वि-टांवर टेकू नये. वीट सांगून फु-टत नाही.” ते थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बरं झालं मास्तर, तुमी हे वाचलंत आन् आपन ठोकळं केलं. त्या दिशी विटा असत्या तर मी मेलोच असतो.”

कप माझ्या हातात होते. इतकी सरळ संधी माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत नाही. मी म्हणालो, “साखर बघा, कमी असेल.”

त्यांनी घोट घेतला. म्हणाले, “ब्येस हाय.”

त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं आम्ही एकमेकांच्या घरी जात-येत राहिलो. त्यांच्या मुलींच्या लग्नात अक्षता मी वाटल्या. माझी पत्नी गेली तेव्हा तिरडीची दोरी त्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी आवळली. खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यार पुजलं जात नसे. विळी-कोयतासुद्धा नाही. पुजायचा अधिकार आपण घालवला, असं ते म्हणत. वहिनी मात्र उपास धरत आणि डांबरावरून, खडीवरून, उन्हातून अनवाणी देवळात जात. वाटेत मी भेटलो तर थांबत आणि म्हणत, “भावजी, तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमाला ह्यांनीच सांगितलं व्हतं.”

नाथाभाऊ दोन वर्षांपूर्वी पौषात गेले. शेवटचे आठ दिवस मी त्यांच्या पायाशी बसून होतो. खोलीत कधी कुणी नसेही. ते झोपलेले असले तर वाटे, जागे झाल्यावर सांगू; जागे असले तर वाटे, त्यांना त्रास नको. ते गेले तेव्हा मी चपला घालत होतो, घरी जाऊन आंघोळ करून येण्यासाठी.

गेल्या खंडेनवमीला मी वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर देवळात जायच्या तयारीत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. ठोकळे नव्हते, विटा होत्या. ठोकळे मी नंतर काढले. देवी शेवटपर्यंत त्यांच्यावरच होती. समई माझ्या हाताने विझली, पण हात गेल्यानंतर.

त्यांनी पूजेचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “ह्यांला सांगितलं व्हतं?”

“नाही.”

“जाताना ते मला म्हनलं, देवीला म्हनावं, माजी चूक पोटात घाल.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “कुनाची चूक वो भावजी? ते कुनाची चूक घिऊन गेलं?”

मी म्हणालो, “माझी.”

“तुमी मला हाक मारायची व्हती,” त्या म्हणाल्या. “मी काय खाल्लं असतं का तुमाला? तसबीर उचलून दिली असती. तिला लाकूड लागतं व्हय बसायला?”

त्यांची नात आतून नव्या चपला घेऊन आली. ती सगळं ऐकत होती. तिने त्या आजीच्या पायांशी ठेवल्या. वहिनींनी पाय पुढे केला आणि तसाच मागे घेतला. टाचा फाकलेल्या, बोटं पसरलेली.

“न्ये गं आत,” त्या नातीला म्हणाल्या. “आता कुठली वहाण बसायची हाय या पायात.” आणि मग मला, “तुमाला लिवता येतं. हे लिवा. गावानं ह्यांला पन्नास वर्सं बोल लावला, आता गावानंच वाचू द्या.”

म्हणून लिहिलं.

गॅरेजच्या जागेवर आता पत्र्याची शेड आहे, चर बुजला आहे. ठोकळे माझ्या घरी आहेत. त्यांना अजून चीर नाही. हौसावहिनी अनवाणी चालतात.